हॉर्नची एक तार आणि रस्त्यावरचा हक्क

१/
१७ ऑगस्ट १८९६. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही ४४ वर्षांची स्त्री आपल्या किशोरवयीन मुलीसह रस्ता ओलांडत होती. लोकांना मोटारीची फेरी घडवून आणणारी एक गाडी समोरून आली. आपण घंटा वाजवली आणि ओरडलोही, असे चालक आर्थर एडसेल याने चौकशीत सांगितले. ब्रिजेट गोंधळली आणि जागीच थबकली. गाडीने तिला धडक दिली आणि काही मिनिटांत तिचा प्राण गेला. ब्रिटनमध्ये पेट्रोल-मोटारीखाली सापडून मेलेली ती पहिली पादचारी. पंचांनी ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय दिला. असे पुन्हा कधी घडू नये, अशी आशा चौकशी करणाऱ्या कॉरोनरने व्यक्त केली.

२/
या चौकशीत एक प्रश्न दडलेला होता. चालकाने घंटा वाजवली होती, मग बाजूला होणे हे कोणाचे कर्तव्य? पुढील तीसेक वर्षांत या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले, बाजारपेठेने दिले आणि एका तारेनेही दिले. ती तार जुन्या मोटारीच्या स्टिअरिंगच्या नळीतून खाली उतरते. आज एखादी पुरातन मोटार दुरुस्तीला येते तेव्हा बहुधा ही तार सर्वांत आधी तोडून फेकली जाते. तिचा इतिहास जाणून घेतला, तर तोडण्यापूर्वी हात जरा थांबेल.

३/
मोटारीच्या आधीचा नियम अगदी उलटा होता. १८६५ चा ब्रिटिश लोकोमोटिव्ह कायदा रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनांसाठी केला गेला. त्यानुसार अशा वाहनाला गावाबाहेर ताशी ४ मैल आणि वस्तीत ताशी २ मैल एवढीच मुभा होती. वाहनापुढे किमान ६० यार्डांवर, म्हणजे सुमारे ५५ मीटरवर, एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे, अशीही अट होती. १८७८ मध्ये निशाणाची अट सैल झाली, परंतु पुढे चालणारा माणूस कायम राहिला. सूचना देण्याचा भार यंत्रावर होता आणि तो पेलण्यासाठी यंत्राच्या मालकाला एक जिवंत माणूस नेमावा लागे.

४/
१८९६ च्या नव्या कायद्याने हलक्या मोटारींसाठी तो माणूस हटवला. वेगाची मर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढली. हटवलेल्या माणसाच्या जागी कायद्याने काय ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक हलक्या वाहनावर घंटा किंवा तिच्यासारखे, वाहन येत असल्याची पुरेशी सूचना देणारे साधन असलेच पाहिजे, असे बंधन आले. म्हणजे पायी चालणाऱ्या माणसाचे काम आवाजाकडे गेले. हॉर्नचा कायदेशीर पूर्वज शोधायचा झाला, तर तो लाल निशाणवाला माणूसच होय.

५/
आरंभीची साधने साधी होती. घोडागाडीसारखी पायाने वाजवायची घंटा, शिट्टी, आणि सर्वांत लोकप्रिय म्हणजे रबरी गोळ्याचा कर्णा. गोळा दाबला की हवा पितळी नळीत शिरते, तिथली पातळ पत्ती थरथरते आणि ‘पों’ असा आवाज निघतो. वीज नाही, तार नाही, बिघाडही फारसा नाही. अडचण एवढीच की, हा आवाज चालकाच्या हाताच्या ताकदीइतकाच मोठा होता. शिवाय गोळा दाबण्यासाठी सुकाणूवरचा एक हात काढावा लागे, आणि हात काढण्याची वेळ नेमकी संकटाच्या क्षणीच येई.

६/
१९०८ मध्ये हे चित्र बदलले. अमेरिकेतील मिलर रीस हचिसन या संशोधकाचा विजेवर चालणारा हॉर्न बाजारात आला. त्याचे नाव ‘क्लॅक्सन’. किंचाळणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून ते बेतलेले होते. न्यू जर्सीतील नेवार्क येथील लव्हेल-मॅकॉनेल कंपनीने त्याचे उत्पादन केले. हा हचिसन मुळात प्रसिद्ध होता तो विजेवर चालणाऱ्या श्रवणयंत्रासाठी. बहिऱ्यांना ऐकू यावे म्हणून झटणाऱ्या माणसाने सर्वांचे कान किटवणारे यंत्र बनवले. श्रवणयंत्रांचा खप वाढावा म्हणूनच त्याने हा भोंगा काढला, अशी थट्टाही त्याच्या वाट्याला आली.

७/
क्लॅक्सनची रचना सुटसुटीत होती. आत एक छोटी विद्युत मोटर आणि तिच्या आसाला दातेरी चाक. समोर पोलादाचा पातळ पडदा आणि पडद्याच्या मध्यभागी एक कठीण खुंटी. चाक फिरू लागले की प्रत्येक दाता खुंटीला ठोसा देतो आणि पडदा कंप पावतो. बटण दाबताच चाक वेग घेते, म्हणून स्वर वर चढतो. बटण सोडले की चाक मंदावते आणि स्वर उतरतो. जुन्या चित्रपटांतून ऐकू येणारा तो ‘अ-ऊ-गा’ म्हणजे एका छोट्या मोटरचे धावणे आणि थांबणे होय.

८/
या आवाजात सौजन्य नव्हते आणि ते असावे अशी अपेक्षाही नव्हती. घंटेने ‘गाडी येते आहे’ असे कळे, तर क्लॅक्सनने ‘बाजूला व्हा’ असे कळे. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये विषारी वायूचा हल्ला झाल्याची सूचना देण्यासाठी क्लॅक्सन वापरले गेले, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना येते. हे नाव इतके रुळले की फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन भाषांत कोणत्याही मोटारीच्या हॉर्नला आजही त्याच शब्दाच्या रूपांनी ओळखतात.

९/
तारेची गोष्ट इथून सुरू होते. विजेच्या हॉर्नला वीज लागते आणि १९०८ च्या बहुतेक मोटारींत ती साठवून पुन्हा भरण्याची सोयच नव्हती. इंजिनात ठिणगी पाडण्यापुरती वीज असे आणि दिवे कार्बाइडच्या वायूवर किंवा तेलावर जळत. हॉर्नसाठी वेगळी बॅटरी बसवावी लागे आणि ती उतरली की बदलावी लागे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग याच्या योजनेनुसार स्टार्टर, दिवे आणि इंजिनाची ठिणगी हे सारे एकाच विद्युत व्यवस्थेत आले. इंजिन चालू असताना बॅटरी आपोआप भरू लागली. मग हॉर्न हा वरून लावलेला दागिना न राहता गाडीचा अवयव झाला.

१०/
सर्वसामान्यांच्या फोर्ड मॉडेल टी ने मात्र वेगळी वाट धरली. या गाडीच्या फ्लायव्हीलवर १६ चुंबक बसवलेले असत. ते स्थिर वेटोळ्यांसमोरून फिरले की वीज निर्माण होई. हा मॅग्नेटो. १९१५ च्या सुमारास रबरी गोळा जाऊन मॅग्नेटोवर चालणारा हॉर्न आला. त्यासाठी बॅटरीची गरज नव्हती, पण त्याची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागे. इंजिन बंद असेल तर हॉर्न मुका. इंजिन मंद असेल तर हॉर्न घोगरा. इंजिन जोरात असेल तर हॉर्न कर्कश. १९२७ पर्यंत मॉडेल टी च्या दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. तेव्हा या घरघराटाने किती रस्ते भरले असतील, याचा अंदाज येतो.

११/
याच गाडीत जोडणीची एक कुप्रसिद्ध चूक घडते. पुढे मॉडेल टी ला बॅटरी मिळाली आणि एकाच गाडीत विजेचे दोन उगम नांदू लागले. मॅग्नेटोची वीज उलटसुलट दिशेने वाहणारी, तर बॅटरीची एकाच दिशेने. हॉर्न किंवा दिवे जोडताना बॅटरीचा प्रवाह चुकून मॅग्नेटोच्या वेटोळ्यांत शिरला, तर ते १६ चुंबक क्षीण होऊ शकतात. ठिणगी कमजोर पडते आणि चुंबकांत पुन्हा बळ भरावे लागते. जुन्या गाडीत ‘कुठलीही जिवंत तार चालेल’ असे समजणाऱ्याला ही चूक फार महागात पडते.

१२/
आता मुख्य जोडणी पाहू. घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात, एक वीज आणणारी आणि एक परत नेणारी. मोटारीचा सांगाडा लोखंडाचा असल्याने परतीचे काम तोच करतो. बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडलेले असते. यालाच ‘अर्थ’ म्हणतात. सांगाडाच परतीचा मार्ग झाल्याने निम्म्या तारा वाचल्या. बहुतेक जुन्या गाड्यांत हॉर्नचा मार्ग असा: बॅटरीपासून हॉर्न, हॉर्नपासून स्टिअरिंगच्या नळीतून वर बटण, आणि बटण दाबले की सांगाडा. म्हणजे हॉर्नपर्यंत वीज आधीच पोहोचलेली असते. बटण फक्त तिला घरी परतण्याची वाट मोकळी करून देते.

१३/
दिव्याचे बटण वाटेच्या आरंभी असते, मग हॉर्नचे शेवटी का? याचे उत्तर स्टिअरिंगच्या नळीत आहे. तिथली तार सतत वळते, घासते आणि वर्षानुवर्षांनी तिचे आवरण फाटते. थेट बॅटरीची तार तिथे उघडी पडून नळीला टेकली असती, तर शॉर्ट सर्किट होऊन आग लागली असती. तार हॉर्नच्या पलीकडची असेल, तर प्रवाहाला आधी हॉर्नमधून जावे लागते आणि तिथे तो मर्यादित होतो. त्यामुळे आवरण फाटले तरी एवढेच होते की हॉर्न आपोआप वाजू लागतो आणि थांबत नाही. भर रस्त्यात एखादी जुनी मोटार उगाच किंचाळू लागते, तेव्हा लोक हसतात. वास्तविक ती आग टाळण्याची तरतूद असते.

१४/
स्टिअरिंगच्या मध्यभागी बटण आल्याचा आणखी एक परिणाम झाला. हॉर्न देण्यासाठी हात लांबवण्याची गरज उरली नाही आणि केवळ अंगठा पुरेसा झाला. वेग कमी करायचा तर पाय उचलून ब्रेकवर न्यावा लागे, पुढे पुन्हा गिअर आणि पुन्हा वेग. हॉर्नला यातले काहीच लागत नसे. थांबण्यापेक्षा दुसऱ्याला थांबवणे सोपे झाले. एखाद्या सवयीचे मूळ माणसाच्या उद्धटपणात शोधण्याआधी यंत्राच्या रचनेतही शोधावे, याचे हे चांगले उदाहरण आहे.

१५/
कायदे आणि भाषाही त्याच दिशेने सरकत होत्या. अमेरिकन शहरांत विसाव्या शतकाच्या आरंभी ‘जेवॉकर’ हा शब्द रूढ झाला. ‘जे’ म्हणजे गावंढळ, आणि जेवॉकर म्हणजे शहरात चालायचे कसे हे न कळणारा अडाणी. रस्त्यावर कुठूनही चालणे हा तोवर सर्वांचा सहज हक्क होता. आता ती थट्टेची आणि पुढे दंडाची गोष्ट झाली. १९२५ च्या लॉस एंजेलिसच्या वाहतूक नियमांनी पादचाऱ्याला ठरावीक जागीच रस्ता ओलांडण्याचे बंधन घातले. क्रिस्टल पॅलेसच्या चौकशीतला प्रश्न एव्हाना निकालात निघाला होता. बाजूला होणे हे चालणाऱ्याचे कर्तव्य ठरले होते.

१६/
अर्थात, या आवाजाविरुद्ध लोक बोललेही. १९३४ मध्ये ब्रिटनचे वाहतूक मंत्री लेस्ली होर-बेलिशा यांच्या काळात वस्तीच्या भागात रात्री साडेअकरा ते सकाळी सात या वेळेत हॉर्न वाजवण्यास बंदी आली. ती बंदी तिथे आजही आहे. भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी नियम ११९ अनेक सुरांच्या आणि अति कर्कश हॉर्नना मनाई करतो. या नियमाचे पालन किती होते, हे मुंबई-पुण्यातल्या कोणत्याही सिग्नलवर एक मिनिट उभे राहिले तरी समजते.

१७/
आता प्रश्न आजच्या दुरुस्तीचा. जुनी गाडी हातात आली की पहिला मोह होतो तो ६ व्होल्टची व्यवस्था काढून १२ व्होल्टची बसवण्याचा. त्यामागे खरे कारण आहे. समजा, ६ व्होल्टचा हॉर्न १५ अँपिअर प्रवाह घेतो आणि गंजलेल्या जोडात ०.१ ओहम अवरोध आहे. तिथेच १.५ व्होल्ट खर्ची पडतात आणि हॉर्नला ४.५ व्होल्टच मिळतात, म्हणजे चौथा हिस्सा गेला. तेवढ्याच शक्तीचा १२ व्होल्टचा हॉर्न ७.५ अँपिअर घेईल. त्याचे त्याच जोडात ०.७५ व्होल्ट, म्हणजे सोळावा हिस्सा, जातील. जुन्या गाडीत जाड तार आणि लखलखीत जोड का हवेत, हे या हिशेबावरून कळते.

१८/
यावरून हेही कळते की बहुतेक मुके हॉर्न मेलेले नसतात. आधी हॉर्नपासून बटणाकडे जाणारी तार सोडवून, हॉर्नचे ते टोक वेगळ्या तारेने क्षणभर सांगाड्याच्या उघड्या धातूला टेकवावे. हॉर्न वाजला, तर तो निरोगी आहे आणि दोष तारेत, बटणात किंवा स्टिअरिंगच्या अर्थमध्ये आहे. गंमत म्हणजे नव्याने रंगवलेल्या गाड्यांत हा दोष हमखास आढळतो. रंग वीज वाहू देत नाही. सांगाड्यावर जाड, चकचकीत रंगाचा थर चढला की परतीची वाट बंद होते. पट्टीखालचा रंग नाण्याएवढा खरवडला की आवाज परत येतो.

१९/
दुसरा धोका ‘अर्थ’च्या बाजूचा. फोर्ड मॉडेल ए मध्ये, तसेच १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६० च्या दशकापर्यंतच्या बहुतांश ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. आजच्या गाड्यांत ऋण टोक असते. सवयीने बॅटरी उलटी लावली, तर जुना हॉर्न तक्रार करत नाही. दातेरी चाकाचा असो वा कंपनाचा, तो दोन्ही बाजूंनी वाजतो. त्यामुळे ‘हॉर्न वाजला, म्हणजे जोडणी बरोबर’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि बॅटरी भरणाऱ्या जनित्राला इजा पोहोचते. ६ व्होल्टच्या हॉर्नला १२ व्होल्ट दिले, तर तो क्षणभर सुरेख ओरडतो. मात्र वेटोळ्यातील उष्णता सुमारे चौपट होते आणि फार वेळ दाबून ठेवल्यास तो कायमचा गप्प होतो.

२०/
याचा अर्थ जुनी तार जशीच्या तशी वापरावी, असा नाही. कापडी विणीखालचे रबर शंभर वर्षांत ठिसूळ होते आणि हात लावताच गळून पडते. मॉडेल ए मध्ये तर कारखान्यातून फ्यूजही नसे. बॅटरीच्या बाजूला एक फ्यूज बसवणे शहाणपणाचे, आणि बाहेरून कापडी वीण पण आत आधुनिक आवरण असलेली तार वापरणेही योग्यच. ऐतिहासिक वाहनांसाठीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ‘ट्यूरिन सनद’ हेच तत्त्व मांडते. इमारतींच्या जतनासाठी केलेल्या १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून तिने प्रेरणा घेतली आहे. बदल कमीत कमी असावा, तो पूर्ववत करता यावा आणि त्याची नोंद ठेवावी, एवढाच तिचा आग्रह.

२१/
भारताने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यांनुसार सांगाडा, बाह्य कवच आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. या यादीत तारांचा उल्लेख नाही. त्यामुळे पितळी दिवे आणि चामड्याची आसने जपली जातात, वायरिंग मात्र प्लास्टिकच्या एकाच रंगाच्या तारांनी बदलले जाते. जुन्या तारेचा रंग, जाडी आणि मार्ग यांतून गाडी कोणत्या काळातली, कोणी कशी बांधली आणि तिला कशाचे भय होते, हे कळू शकते. ही माहिती कात्रीच्या एका घावात जाते आणि ती गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

२२/
म्हणून कात्री चालवण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक जोडाचे छायाचित्र घ्यावे, तारेचा मार्ग कागदावर काढावा आणि जुन्या तारेचा वीतभर तुकडा चिठ्ठी लावून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावा. खर्च जवळजवळ शून्य. पुढे कोणी ती गाडी उघडली, तर स्टिअरिंगच्या नळीतून खाली उतरणारी ती एकच तार त्याला बरेच काही सांगेल. कधीकाळी मोटारीपुढे ६० यार्डांवर एक माणूस चालत असे. त्याचे काम एका बटणाकडे गेले आणि त्या बटणासमोर उभ्या राहिलेल्या माणसाने बाजूला व्हायचे असते, हे जगाने हळूहळू मान्य केले. ब्रिजेट ड्रिस्कॉलला ते मान्य करायला वेळच मिळाला नव्हता.